६५ पूर्ण झाली म्हणून लाडकी बहीण बंद. श्रावणबाळ (वृद्धांची पेन्शन योजना) आपोआप सुरू होतं का?

भांडुप_पश्चिम

नमस्कार मंडळी. आमच्या चाळीतल्या एका काकूंसाठी विचारतोय. त्यांना लाडकी बहीणचे १,५०० येत होते, ते वयामुळे थांबले. सगळे सांगतात, "आता श्रावणबाळ चालू होईल, तेही १,५००च आहेत." पण कुठून काही मेसेज नाही, कागद नाही.

माहिती अशी: काकू विधवा, एकट्या राहतात. यजमान कंपनीत होते, त्यामुळे पीएफकडून विधवा पेन्शन महिना १,६४० येते. मुलगा लग्नानंतर बदलापूरला गेला, पण केशरी रेशनकार्डावर त्याचं नाव अजून आहे. काकू एका घरी चपात्या करायच्या, महिना १,५००. गुडघ्यांमुळे दिवाळीपासून ते काम सुटलं. भांडुपमध्ये तीस वर्षांहून जास्त आहेत. एजंट म्हणतो, "२१,०००च्या उत्पन्नाचा दाखला मी काढून देतो, तुम्ही फक्त सही करा." काय करावं?

---

जुना_कारकून

आपोआप काहीही सुरू होत नाही. ही बदली नाही, नवा अर्ज आहे, आणि चाळणी कितीतरी बारीक आहे. लाडकी बहीणला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं, श्रावणबाळला २१,०००. म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. मुंबईत ही मर्यादा ठेवणं म्हणजे खऱ्या गरजूला दारातूनच परत पाठवणं, हे माझं स्पष्ट मत आहे. पण अर्ज आजच्या नियमावरच तपासला जाणार, म्हणून रांगेत उभं राहण्याआधी हिशेब मांडा.

पेन्शन १,६४० × १२ = १९,६८०. एवढंच उत्पन्न असेल तर काकू बसतात, १,३२० रुपयांनी. पेन्शन १,७५०च्या वर असती तर विषय तिथेच संपला असता.

आता चपात्यांचं काम. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाचा असतो, एप्रिल ते मार्च. दिवाळीपर्यंत काम केलं म्हणजे त्या वर्षातले साधारण सात महिने धरा, १०,५००. पेन्शन मिळवून ३०,१८०. त्या वर्षाच्या दाखल्यावर काकू बसत नाहीत. काम सुटल्यानंतरचं पहिलं पूर्ण वर्ष, ज्यात फक्त पेन्शन आली, त्या वर्षाचा दाखला १९,६८०चा निघेल आणि तो खरा असेल. थांबावं लागेल, हे सांगताना वाईट वाटतं. पण नामंजूर अर्ज घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यापेक्षा ते बरं.

एजंटचं अजिबात ऐकू नका. पीएफची पेन्शन बँकेच्या पासबुकात दर महिन्याला दिसते आणि त्याच पासबुकाची झेरॉक्स अर्जाला लागते. दाखल्यावर एक आकडा, पासबुकात दुसरा. छाननीत हेच आधी डोळ्यांत भरतं. शिवाय स्वघोषणापत्रावर सही काकूंची असते, एजंटची नाही. माहिती खोटी निघाली तर वसुली आणि गुन्हा दोन्ही त्यांच्या नावावर.

---

सेतू_खिडकी

वरचं बरोबर. मी रेशनकार्डाबद्दल लिहिते, कारण मुंबईत बरेचसे अर्ज तिथेच अडकतात.

तलाठी चौकशीला आला की पहिल्यांदा कार्ड मागतो. कार्डावर कमावता मुलगा दिसला की प्रश्न ठरलेला: "याचा पगार किती?" मुलगा खरंच बदलापूरला राहत असेल तर त्याचं नाव शिधावाटप कार्यालयातून कमी करून घ्या आणि नाव कमी केल्याचा दाखला जपून ठेवा. तोच दाखला देऊन त्याला तिकडच्या कार्डात नाव घालता येईल. बदलापूरचं भाडेकरारपत्र, लाइट बिल, मुलांचा शाळेचा दाखला, यांतलं एखादं जोडलंत तर वेगळं राहणं कागदावर दिसतं. हे सगळं उत्पन्नाच्या दाखल्याच्या *आधी* करा. उलट्या क्रमाने केलं की दाखल्यात मुलाचा पगार धरला जातो आणि दाखला परत काढावा लागतो.

मुलगा त्याच खोलीत राहत असेल आणि फक्त कागदावर वेगळा दाखवायचा असेल, तर तसं करू नका. चौकशीत शेजारी सहज बोलून जातात.

केशरी कार्ड म्हणजे अपात्र, हा गैरसमज आहे. पात्रता ठरते तहसीलच्या उत्पन्न दाखल्यावर, कार्डाच्या रंगावर नाही. तसंच पिवळं कार्ड असलं म्हणजे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असतंच असंही नाही, ती यादी वेगळी. यादीत नाव असेल तर श्रावणबाळ गट अ: केंद्राचे २०० (८० वर्षांपासून ५००) आणि उरलेले राज्याचे. यादीत नाव नाही पण उत्पन्न २१,०००च्या आत आहे, तर गट ब, पूर्ण राज्याचे. हातात दोन्हीकडे १,५००च. काकू बहुधा गट ब.

आणि दाखल्याची तारीख बघा. एका वर्षाचा उत्पन्न दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत धावपळ करून काढला आणि अर्ज एप्रिलमध्ये नेला, तर खिडकीवरूनच परत.

---

भांडुप_पश्चिम

खूप खूप आभार. मुलगा खरंच बदलापूरला आहे, सूनबाईंची नोकरीही तिकडेच. नाव कमी करून घेतो. आणखी एक: काकूंच्या आधारवर जन्मतारीख ०१/०१ आहे, पण शाळेच्या दाखल्यावर जूनमधली, आणि वर्ष दीडेक वर्ष पुढचं! शाळेच्या दाखल्याप्रमाणे ६५ पूर्ण व्हायला अजून अवकाश आहे. मग आता कोणती तारीख धरायची?

---

जुना_कारकून

हे आधी सांगितलं असतंत तर माझं पहिलं उत्तर वेगळं झालं असतं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

त्या पिढीतल्या कित्येकांच्या आधारवर ०१/०१ असतं, कारण नोंदणीच्या वेळी कागद नव्हता आणि वय अंदाजाने टाकलं गेलं. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४च्या निकालात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. पण लाडकी बहीणची यादी आधारच्या तारखेवर चालते, त्यामुळे काकूंचे पैसे प्रत्यक्षात वेळेआधी थांबले असण्याची शक्यता आहे.

शाळेचा दाखला अस्सल असेल (शिक्का, रजिस्टर क्रमांक, शाळेतून पडताळता येईल असा), तर आधी आधारची तारीख दुरुस्त करा. जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून केंद्रावर जाण्याआधी त्यांच्या मान्य कागदांची यादी बघा आणि योग्य कागद हातात घेऊनच जा. दुरुस्ती झाली की महिला व बालविकास विभागाच्या कार्यालयात सुधारित आधारसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मधल्या दिवसांत चपात्यांशिवायचं आर्थिक वर्षही पूर्ण होईल, म्हणजे ६५ खरोखर पूर्ण होतील तेव्हा श्रावणबाळचा हिशेबही बसेल.

एक मात्र कटाक्षाने पाळा. लाडकी बहीणला शाळेची तारीख आणि श्रावणबाळला आधारची, असं दोन्हीकडे सोयीप्रमाणे वापरू नका. एक तारीख ठरवा आणि आधार, बँक, रेशन, मतदार ओळखपत्र, सगळीकडे तीच करून घ्या.

---

खातं_तपासा

पैसे आता थेट आधारवर येतात, खाते क्रमांकावर नाही. मंजुरी असूनही पैसे न येण्याचं नेहमीचं कारण हेच.

बँकेत "आधार लिंक आहे" असं सांगितलं जातं. ते केवायसीपुरतं असू शकतं. अनुदानासाठी एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणारी संस्था) नोंदीत ते खातं बसलेलं लागतं, ती वेगळी गोष्ट आहे. एका आधारवर एकच खातं बसतं, आणि ज्या बँकेत सर्वांत शेवटी संमती दिली तिथे पैसे जातात. मध्येच कुणी काकूंचं दुसरं शून्य शिल्लक खातं उघडून दिलं असेल तर पैसे तिकडे पडत असतील आणि काकू जुनं पासबुक भरून घेत बसतील.

तपासायला मोबाइलवरून *९९*९९*१# लावा, आधार क्रमांक टाका, किंवा आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघा. बँकेचं नाव आणि ती सुरू असल्याचा शेरा दिसला की झालं. लाडकी बहीणचे पैसे ज्या खात्यात येत होते तेच खातं अर्जात द्या, ते आधीच बसलेलं आहे.

नावाचंही बघा. आधारवर सासरचं, पासबुकात माहेरचं, किंवा मधलं नाव फक्त आद्याक्षराने. ओळख पटवताना हेच अडतं.

---

सेतू_खिडकी

अर्जाची वाट सांगते. भांडुप कुर्ला तालुक्यात येतं. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीनच तालुके आहेत, त्यामुळे वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात नाही, कुर्ल्याच्या तहसीलदारांकडे, संजय गांधी योजना शाखेत जायचं, श्रावणबाळचे अर्ज तिथेच घेतात.

बरोबर वयाचा पुरावा, आधार, रेशनकार्ड, उत्पन्न दाखला, पासबुक, यजमानांचा मृत्यू दाखला आणि राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा. शेवटच्यात लोक फसतात. आजचं लाइट बिल आजचंच राहणं दाखवतं. १५ वर्षांमागची मतदार यादी काढा आणि आताची काढा, दोन्हीत नाव असलं की मधल्या काळाबद्दल फारसं कुणी विचारत नाही. झोपडीचा फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) किंवा जुनं रेशनकार्ड असेल तर उत्तम. जुनं कार्ड नवं मिळालं म्हणून फेकू नका.

स्वघोषणापत्र साध्या कागदावर चालतं. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. बाहेरचा टेबलवाला ५०० चा स्टॅम्प घ्यायला सांगत असेल तर घेऊ नका.

---

माहिती_हक्क

अर्ज दिल्यावर आवक क्रमांकाची पोच हवीच. पोच नसेल तर अर्जच नव्हता असं समजा. अर्ज संजय गांधी योजनेच्या समितीच्या बैठकीपुढे जातो आणि बैठका ठरलेल्या दिवशीच होतील असं नाही. त्रुटीचं पत्र आलं तर त्रुटीपूर्ततेचीही वेगळी पोच घ्या.

उत्पन्न दाखला लोकसेवा हक्क कायद्याखाली येतो, मुदत १५ दिवस. उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील, खर्च नाही. अर्जाचं काय झालं हे कुणी सांगत नसेल तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात दोनच गोष्टी विचारा: अर्ज कोणत्या तारखेच्या बैठकीत ठेवला, आणि निर्णयाच्या पानाची प्रत. तोंडी "नामंजूर झालं" ऐकून घरी जाऊ नका, कारण लेखी घ्या. तालुक्याचा लोकशाही दिन (अधिकाऱ्यांपुढे तक्रार मांडायचा दिवस) तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या. जिल्ह्यासाठी अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो.

पैसे मंजुरीपासून मिळतात, ६५व्या वाढदिवसापासून नाही. उशीर झालेले महिने परत येत नाहीत, म्हणून कागद आधीच जुळवून ठेवा. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा आहे, तो चुकला की अनुदान थांबतं.

---

सेतू_खिडकी

एक राहिलं. काकूंची ६५ खरी पूर्ण झाली की मुख्यमंत्री वयोश्री योजनाही बघा. एकदाच ३,०००, आणि तिथे उत्पन्नाची मर्यादा दोन लाख आहे, त्यामुळे २१,०००वर अडलेली माणसंही बसतात. चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमरेचा किंवा गुडघ्याचा पट्टा यासाठी ते पैसे आहेत. तेच उपकरण गेल्या तीन वर्षांत सरकारकडून फुकट घेतलेलं नसावं. पैसे जमा झाल्यापासून ३० दिवसांत दुकानाचं पक्कं बिल द्यावं लागतं, म्हणून गुडघ्याच्या पट्ट्याचं माप आधीच घेऊन ठेवा. अर्ज तहसीलला नाही, समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात.

---

भांडुप_पश्चिम

शाळेचा दाखला आज बघितला. शिक्का स्पष्ट आहे, रजिस्टर क्रमांकही आहे, शाळा साताऱ्याकडची. सोमवारी शिधावाटप कार्यालयात मुलाचं नाव कमी करायला जातोय, आधारचं त्यानंतर. *९९*९९*१# लावून पाहिलं, पेन्शनचं खातं एका बँकेत आणि आधार दुसऱ्याच बँकेत बसलेलं निघालं. त्या दुसऱ्या बँकेचं पासबुक काकूंच्या ट्रंकेत सापडलं, त्यात लाडकी बहीणचे दोन हप्ते तसेच पडून आहेत.