एमबीए न करता व्हेंचर कॅपिटलमध्ये कसं शिरावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्रोसेस इंजिनिअर आहे. बॅटरी, सेन्सर, कारखान्यातलं ऑटोमेशन अशा स्टार्टअपमध्ये सुरुवातीलाच पैसे गुंतवणाऱ्या फंडात अॅनालिस्ट म्हणून जायची मनापासून इच्छा आहे.

सेबीच्या 2012 च्या एआयएफ (पर्यायी गुंतवणूक फंड) नियमांत हे फंड पहिल्या कॅटेगरीत येतात, साधारण 2 टक्के फी आणि नफ्यात 20 टक्के कॅरी (फंड चालवणाऱ्यांचा वाटा), एवढं वाचून समजलंय. गाडी अडते ती पुढे. टीम छोट्या असतात, जागा बहुतेक ओळखीतूनच भरल्या जातात, आणि माझ्या ओळखी सगळ्या शॉपफ्लोअरवरच्या.

सध्या रात्री बसून गुंतवणुकीचे मेमो, म्हणजे एखाद्या कंपनीत पैसे घालावेत का याची टिपणं, लिहितो. परवाचा मोटर कंट्रोलर बनवणाऱ्या एका स्टार्टअपवर होता. त्यात बाजारपेठेच्या आकड्याआधी मी हे पाहिलं की गाडी कंपनीकडून पीपॅपची (सुटा भाग उत्पादनात घेण्याआधीच्या तपासणीची) मंजुरी मिळायला किती महिने जातील आणि तोवर पगाराला पैसे पुरतील का. बाहेरून बघणाऱ्याला हे सहज दिसत नाही, आणि माझं बलस्थान इथेच आहे असं मला वाटतं.

असा मेमो फंडाच्या अनोळखी पार्टनरला थेट मेल करावा, की आधी त्यांनी पैसे घातलेल्या फाउंडरशी बोलावं? सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या परीक्षेचा उपयोग होतो का? की आधी एखाद्या स्टार्टअपमध्येच काम करावं? घराचे हप्ते चालू आहेत, त्यामुळे बिनपगारी इंटर्नशिप जमणार नाही. या क्षेत्रात असलेल्या कुणी मेमो वाचून परखड मत दिलं तर फार उपकार होतील.