मदत हवी आहे: जुने अमेरिकन घडीचे चाकू, ओळखायचे कसे आणि पुसायचे की नाही?

हडसनकाठचा

नमस्कार मंडळी,

मी न्यूयॉर्क राज्यात, हडसनच्या पश्चिमेला एका लहान गावात राहतो. मागच्या शनिवारी पलीकडच्या गल्लीत एका घरातल्या सामानाची विक्री होती. घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं दारं उघडी टाकून चमच्यापासून कपाटापर्यंत सगळं विकतात, त्याला इथे इस्टेट सेल म्हणतात. मी शिडी बघायला गेलो होतो आणि सिगारच्या लाकडी पेटीत सहा घडीचे चाकू घेऊन आलो. सहाचे मिळून ६० डॉलर. बायकोने विचारलं, शिडी कुठाय? असो.

आता पेटीतला ऐवज. पहिला दोन पात्यांचा, खडबडीत कोरलेल्या हाडाची मूठ, पातं मुठीत शिरतं तिथे बारीक अक्षरांत ‘न्यूयॉर्क नाइफ कंपनी, वॉल्डन’. वॉल्डन माझ्यापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे, त्यामुळे खरं तर याच्यासाठीच पेटी उचलली. दुसऱ्यावर ‘श्रेड कटलरी कंपनी, वॉल्डन’. तिसऱ्यावर ‘हॅमर ब्रँड’ आणि मूठ चक्क पत्र्याची. चौथा ‘नॉर्थफील्ड’, अगदी नवाकोरा दिसतो. पाचवा केस कंपनीचा, तीन पात्यांचा. सहाव्याची मूठ मधासारखी पिवळी, अर्धवट पारदर्शक, शिक्का झिजून गेलेला. आणि पेटी उघडली की देवघरात आल्यासारखा कापराचा वास येतो! म्हातारबुवा आरती करत नसावेत, मग हे काय प्रकरण?

आता चूक कबूल करतो. आई सध्या इथे आली आहे. मी ऑफिसात असताना तिने श्रेडचा काळपट चाकू चिंच आणि मीठ लावून घासला. "तांब्या घासते तसाच, त्यात काय!" संध्याकाळी आलो तर चांदीसारखा चकाकत होता. दोन दिवसांत त्यावर नारिंगी ठिपके आले. हे थांबवायचं कसं? बाकीचे पाच पुसू की तसेच ठेवू? आणि यातले खरे जुने कुठले? विकायचे नाहीत, पण आपल्या हातात काय आहे ते कळावं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गंजका खिळा

आधी चिंच लपवा. काकूंना माझा नमस्कार सांगा आणि मग लपवा.

हे चाकू बिनगंजाच्या पोलादाचे नसतात, साध्या कार्बन पोलादाचे असतात. वर्षानुवर्षं हाताळून त्यावर जो करडा-काळसर थर बसतो तो मळ नव्हे, तोच पात्याचा रेनकोट. आंबटाने तो निघाला आणि पोलाद उघडं पडलं. त्यात मीठ सांध्यात जाऊन बसलं असणार, म्हणून इतक्या लवकर गंज धरला. आता कोमट पाण्याने धुऊन काढा, पाती उघडझाप करत सांध्यातलं मीठ बाहेर येऊ द्या, लगेच कोरडा करा, हेअर ड्रायरची ऊब द्या आणि सांध्यात खनिज तेलाचे दोन थेंब सोडा. खोबरेल, गोडेतेल बिलकुल नको, काही महिन्यांत त्याचा चिकटा होतो. नारिंगी ठिपक्यांवर सगळ्यांत बारीक, चार शून्यांची स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा गुंता) तेलात बुडवून अगदी हलक्या हाताने फिरवा. काळा भाग जसाच्या तसा ठेवा. नारिंगी गंज पोलाद खातो, काळा नाही.

बाकीच्या पाचांना फक्त कोरडं फडकं आणि तेल. पॉलिशचं चाक फिरवलेला चाकू संग्राहक हातात घेतात आणि हसून खाली ठेवतात. स्वानुभव आहे, जास्त विचारू नका.

मिसळीतला लिंबू

सहा चाकू, ६० डॉलर, आणि कस्टमवाल्यांना काय सांगणार? आमच्याकडे एवढे चाकू म्हटलं की रामपुरीच आठवतो :)

पेन्सिलीचं टोक

लिंबूभाऊ, हे बिचारे पेन्सिली तासणारे चाकू आहेत. खटका दाबून उघडणारा यात एकही नाही हे बरं झालं. गंमत म्हणजे ज्या जॉर्ज श्रेडने भावांबरोबर १९०४ साली वॉल्डनला कंपनी काढली, त्याचं नाव बटणाच्या चाकवांमुळेच झालं. पुढे १९५८ च्या केंद्रीय कायद्याने बटणवाल्यांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा व्यापार बंद केला.

धागाकर्ते, तुमच्या पहिल्या, न्यूयॉर्क नाइफच्या चाकवाबद्दल लिहितो, कारण माझं घोडं तिथेच अडलेलं असतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चांगला चाकू म्हणजे इंग्लंडातल्या शेफील्डचा, अशीच समजूत होती. आपल्याकडच्या जुन्या घरांतही रॉजर्सचा चाकू असायचा, तो तिथलाच. इकडचे सुरुवातीचे कारखाने कनेक्टिकटमध्ये निघाले. लेकव्हिलचा हॉली १८४४ चा, आणि त्याचा मालक पुढे राज्याचा गव्हर्नर झाला. हातचं कौशल्याचं काम करायला शेफील्डहून आलेले कारागीर होतेच. १८५२ मध्ये कनेक्टिकटच्या वॉटरव्हिलमधले काही कारागीर बाहेर पडले आणि त्यांनी हडसनकाठी मॅटावानला न्यूयॉर्क नाइफ कंपनी उभी केली. १८५६ ला ती वॉल्डनला हलली. तिथे वॉलकिल नदीला धबधबा आहे, म्हणजे यंत्रांना फुकटची शक्ती. पुढे त्याच गावात वॉल्डन नाइफ कंपनी निघाली, मग श्रेड. एका छोट्या गावात तीन-तीन चाकू कारखाने!

न्यूयॉर्क नाइफ १९३१ ला बंद पडली. म्हणजे तुमचा चाकू खरा असेल तर निदान तेवढा जुना आहेच. ‘हॅमर ब्रँड’ हे मूळ त्यांचंच चिन्ह, हातोडा धरलेला हात. पण कंपनी बंद झाल्यावर ते नाव प्रॉव्हिडन्सच्या इंपीरियल कंपनीकडे गेलं, आणि त्यांनी ते स्वस्तातल्या, पत्रा वाकवून मूठ केलेल्या चाकवांवर मारलं. तुमचा तिसरा त्यातला. नाव थोर घराण्याचं, मूठ डालड्याच्या डब्याची. मुलांच्या हातात द्या.

श्रेडवर ‘कटलरी कंपनी’ असं असेल तर तो १९४६ च्या आधीच्या मालकांच्या काळातला धरायला हरकत नाही. कंपनी विकली गेल्यावर शिक्का ‘श्रेड वॉल्डन’ असा झाला. हाडावरची खरबड आंब्याच्या नाही पण पीचच्या बाठ्यासारखी आहे का बघा, ती त्यांची खास ओळख. नेमका तोच चिंचेत गेला, काय बोलणार.

आता भिंग घ्या आणि बाकीच्यांकडे बघा. केसच्या शिक्क्याखाली ठिपके असतील तर मोजून सांगा. नॉर्थफील्डच्या दुसऱ्या पात्यावर काही आकडे आहेत का?

कापूसकोंडा

कापराच्या वासावर कुणीच बोललं नाही? मी रसायनवाली, म्हणून मध्ये पडते.

ती पिवळी मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लॅस्टिकची आहे. नायट्रोसेल्युलोज मऊ करून आकार देण्यासाठी त्यात कापूरच घालतात, त्यामुळे वास अगदी खरा आहे. पण म्हातारं सेल्युलॉइड विघटन होताना नायट्रोजनची आम्ल वाफ सोडतं, आणि ती बंद पेटीत शेजारच्या सगळ्या पात्यांना खाते. सहाव्याच्या शेजारी ठेवलेल्यांवर जास्त गंज आहे का बघा. आजच्या आज तो वेगळा काढा, हवेशीर जागी उघडा ठेवा. हीटरजवळ, उन्हात, देवघरातल्या समईजवळ नको. पेट घेतला तर विझवायला वेळ मिळत नाही. मुठीला भेगा पडून ती चुरा व्हायला लागली असेल तर त्याला वाचवायच्या भानगडीत पडू नका, बाकीचे वाचवा.

हडसनकाठचा

बापरे. काढला. कापूसकोंडाताई, पेटीत त्याला खेटून असलेला केसच होता, आणि त्याच्याच मधल्या पात्यावर खड्डे पडलेत. तरी मी म्हणत होतो, एकाच बाजूने का गंजलाय.

भिंग घेऊन बसलो होतो. केसवर आठ ठिपके आहेत, आणि आकडा ६३१८. नॉर्थफील्डवर सहा आकडे, शेवटचे दोन ०९. पहिल्या, न्यूयॉर्क नाइफच्या चाकवाचं मोठं पातं काळसर, पण छोटं पातं जरा उजळ आहे. त्या बाजूला मुठीच्या टोकावरच्या धातूच्या टोपीवर, पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याचं गोल वर्तुळ स्पष्ट दिसतं, दुसऱ्या बाजूला शोधूनही सापडत नाही. हे चांगलं की वाईट?

पेन्सिलीचं टोक

केसचा चाकू सोपा. १९७० ला त्यांनी शिक्क्याखाली दहा ठिपके मारायला सुरुवात केली आणि दरवर्षी एक कमी केला. आठ म्हणजे १९७२. मात्र शिक्क्यातला ‘एस’ विजेसारखा कोनेदार असेल तर हाच हिशेब १९८० पासून पुन्हा मांडायचा, म्हणजे तुमचा १९८२ चा ठरेल. ६ म्हणजे हाडाची मूठ, ३ पाती, १८ हा नमुना. भिंगातून मुठीवर बारीक काळी छिद्रं दिसली तर हाड, नाहीतर हाडासारखं प्लॅस्टिक.

नॉर्थफील्ड ही कंपनी १८५८ ची, पण तुमचा चाकू तिचा नाही. पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलमध्ये २००६ साली सुरू झालेली ग्रेट ईस्टर्न कटलरी हे जुनं नाव वापरते, आणि शेवटचे ०९ हे साल. नकली म्हणू नका हं! उत्तम काम असतं, लोक रांगा लावून घेतात. फक्त पणजोबांचा नाही.

न्यूयॉर्क नाइफच्या बाबतीत मात्र मन घट्ट करा. त्या टोप्या जर्मन सिल्व्हरच्या (नावातच चांदी, असतो तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू) असतात आणि कारखान्यात खिळा ठोकून असा घासत की तो दिसेनासा व्हायचा. वर्तुळ उठून दिसतंय म्हणजे तो कुणीतरी नंतर काढून पुन्हा ठोकलाय. रंगही जुळत नाही. छोटं पातं बदललेलं असण्याची शक्यता मोठी. फसवायलाच केलं असेल असं नाही. मोडलं म्हणून मालकाने दुसऱ्या मोडक्या चाकवाचं बसवलं असेल, वापरातल्या वस्तूचं असंच व्हायचं. तुटक्या पात्याच्या चाकवापेक्षा किंमत जरा बरी, अस्सल जोडीपेक्षा पुष्कळ कमी. किंमत बघताना ईबेवर मागितलेले आकडे सोडा, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्यांचे बघा.

एक अजून बघा. मोठ्या पात्यावरची अक्षरं पात्याइतकीच झिजलेली आहेत का? पातं धार लावून अरुंद झालंय आणि अक्षरं मात्र कालची वाटत असतील, तर शिक्काही नंतरचा.

हडसनकाठचा

अक्षरं झिजलीत. ‘वॉल्डन’चा शेवटचा एन तर जवळजवळ गेलाय. इतका आनंद मला अक्षर पुसट असल्याचा पहिल्यांदाच होतोय.

आईला सगळं वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, मीठ नसतं घातलं तर काही झालं नसतं. श्रेडला आता तेल पाजलंय, ठिपके थांबलेत. पिवळा गॅरेजमध्ये एकटा बसलाय. उद्या उजेडात न्यूयॉर्क नाइफच्या दोन्ही पात्यांचे फोटो काढून टाकतो, छोट्यावर काहीतरी अर्धवट अक्षर दिसतंय, बहुतेक ‘यू’ किंवा ‘व्ही’.

गंजका खिळा

टाका. आणि पात्यावर खडू चोळून वरचा पुसून घ्या, अक्षर फोटोत नीट उठेल.