स्केट स्कीची लांबी आणि ताठरपणा कसा ठरवावा?

प्रश्न : मी अमेरिकेतील मिनियापोलिसमध्ये राहतो, उंची १७२ सें.मी., वजन ८० किलो. दुकानात १८० आणि १८७ सें.मी. लांबीच्या स्केट स्की (बर्फावर स्केटिंगसारखे पाय तिरके ढकलत घसरण्यासाठी बुटांना जोडायच्या लांब पट्ट्या) आहेत. कोणती घ्यावी?

उत्तर १ : उंचीपेक्षा ५ ते १५ सें.मी. जास्त लांबी चालते, त्यामुळे दोन्ही बसतात. खरा निर्णय वजनावरून करावा, कारण वजनाच्या मानाने स्की मऊ असेल तर मधली कमान (पावलाखालचा वर उचललेला भाग) बर्फावर टेकून वेग मंदावतो आणि फार ताठ असेल तर कडा नीट पकड घेत नाहीत.

उत्तर २ : सहमत. सपाट फळीवर दोन्ही स्कींवर सारखा भार देऊन उभे राहावे आणि दुकानदाराला पावलाखाली पातळ कागद सरकवायला सांगावे. तो पुढेमागे सहज सरकायला हवा. ही चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत, ही कळकळीची विनंती.

उत्तर ३ : भुसभुशीत बर्फावर जास्त जाणार असाल, तर किंचित मऊ स्की घ्यावी.