विषय: शनिवार, सीपीआरची २० मिनिटं आणि जिमबाहेरचं ते बंद दार

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,
शनिवारी आरती झाल्यावर महाप्रसादाच्या आधी २० मिनिटं सीपीआरला (हृदय बंद पडल्यावर छाती दाबायची ती पद्धत) ठेवलीयत, डॉक्टरवहिनी शिकवणार आहेत, सरावाला सहा डमी मिळाल्यात. अडलंय एकाच ठिकाणी. पाडव्याला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, एईडीची (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राची) पेटी जिमपासून, म्हणजे शाळेच्या खेळाच्या हॉलपासून, पन्नास पावलांवर भिंतीला होती पण मधल्या कॉरिडॉरचं दार लॉक. आज शाळेच्या ऑफिसला फोन केला तर म्हणतात भाड्याने देतो ती फक्त जिम, कॅफेटेरिया आणि टॉयलेट, कॉरिडॉर उघडणार नाही. काय करायचं ते गुरुवारपर्यंत सांगा, शुक्रवारी मला फॉर्म द्यायचाय.

प्रेषक: अण्णा

उघडणार नाही म्हणजे काय? न्यू जर्सीत जॅनेट्स लॉ आहे, २०१२ साली सही झाली, २०१४ च्या सप्टेंबरपासून लागू. अकरा वर्षांची मुलगी चीअरलीडिंगच्या सरावानंतर गेली, तिच्या नावाने केलेला कायदा आहे हा. प्रत्येक शाळेत एईडी पाहिजे, कुलूप नसलेल्या जागी पाहिजे आणि वर पाटी पाहिजे. त्यांना हे दाखवा आणि दार उघडून घ्या. ह्यात मंडळाने नमतं घ्यायचं कारण नाही.

प्रेषक: माई, सांस्कृतिक समिती

दाराचं बघा तुम्ही, पण पत्रिका आमच्या समितीने जुलैमध्ये ठरवलीय आणि ही २० मिनिटं बालगटाच्या नाचातून कापलेली दिसतायत. पोरं दोन महिने बेसमेंटमध्ये प्रॅक्टिस करतायत. सीपीआरला माझा विरोध नाही पण आधी विचारायचं तरी. शिवाय पाडव्याला अँब्युलन्स सात मिनिटांत आलीच होती ना, मग २० मिनिटांत सगळ्यांना अर्धवट शिकवून काय साधणार?

प्रेषक: ताई

माई, त्या सात मिनिटांबद्दल मीच लिहिते कारण मी तिथे खाली बसलेले होते. भाऊकाका श्रीखंडाच्या लाइनीत कोसळले तेव्हा लोकांनी त्यांना उचलून घडीच्या खुर्चीत बसवलं, कुणी पाणी आणलं, कुणी स्वयंपाकघरातून कांदा फोडून आणला हुंगवायला, आणि सगळे म्हणत होते श्वास चालू आहे, घोरतायत बघा. मलाही तसंच वाटलं. मध्येच तोंड उघडून एक मोठा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा तसाच आवाज. माझी मुलगी नववीत आहे, इथे हायस्कूलमध्ये सीपीआर शिकवतात सगळ्यांना, ती गर्दीतून ओरडली आई हा श्वास नाहीये, खाली झोपव त्यांना. खुर्चीवरून फरशीवर घेईपर्यंतच मिनिटभर गेलं असेल. मग मी दाबायला लागले, कुडत्यावरूनच, आणि चौथ्या-पाचव्या दाबाला हाताखाली कट् असा आवाज आला. मी थांबले. ९११ ह्या इमर्जन्सी नंबरवरची बाई स्पीकरवर होती, ती म्हणाली थांबू नका, दाबत राहा. तिचा आवाज नसता तर मी थांबलेच असते हे मी आज सगळ्यांना सांगते. आणि त्याच वेळी दोन मुलं कॉरिडॉरचं दार हलवत होती, काचेतून समोर पेटी दिसत होती.

प्रेषक: डॉक्टरवहिनी

ताईंनी लिहिलंय त्यातलं एक सगळ्यांनी धरून ठेवा. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस तसा आचके देऊ शकतो, घोरल्यासारखा किंवा मासा पाण्याबाहेर तोंड उघडतो तसा. त्याला श्वास समजायचं नाही. खांदे हलवून मोठ्याने हाक मारली, प्रतिसाद नाही, नीट श्वास नाही, की ९११ लावायचं, फोन स्पीकरवर खाली ठेवायचा आणि दाबायला सुरुवात. कांदा, पाणी, चप्पल काही नको. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

दाबायचं छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, एका तळहाताची टाच (मनगटाजवळचा भाग) टेकवून त्यावर दुसरा हात, कोपर सरळ, खांदे बरोबर वर. मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर आत गेली पाहिजे, ६ च्या पुढे नको, आणि दर दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची, हात टेकलेले चालतील पण भार सोडायचा. मिनिटाला १०० ते १२०. दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेल्याचे दाब उथळ होतात आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. बरगडीचा कट् आवाज येतो, वय झालेल्यांच्यात जास्तच, बरगडी नंतर जुळते.

तोंडाने श्वास न देता नुसत्या हातांनी करायला अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ साली मान्यता दिली, आपल्यासमोर धडधाकट मोठा माणूस अचानक कोसळला तर तेच. लहान मूल किंवा बुडालेला माणूस असेल तर श्वासही लागतात, ते मी शनिवारी घेणार नाही, त्याला वेगळा क्लास हवा. आणि माई, शॉकविना दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी उतरत जाते, दाबणं चालू असेल तर तो उतार मंदावतो. सात मिनिटं नुसती बघत काढली असती तर हिशोब तुम्हीच करा.

प्रेषक: ढोलपथक

वहिनी, १०० ते १२० साठी आम्ही ताशाच्या प्रॅक्टिसला लावतो तो मेट्रोनोम ११० वर ठेवून स्पीकरला जोडतो, सगळ्या डमींना एकच ठेका. आमची पोरं जोशात १३० वर पळतात म्हणून सांगतो, ठेका ऐकत दाबलं तर हात पळत नाही. आणि माई, नाचाची वेळ कापू नका, आमच्या वादनातली १५ मिनिटं घ्या, आम्ही पार्किंगमध्ये आधी वाजवून घेऊ.

प्रेषक: माई, सांस्कृतिक समिती

ढोलपथकाचे आभार. मग नाच १२:१० ला राहील, मी पत्रिका पुन्हा पाठवते, आता कुणीही बदलू नका. ताई, मी त्या वेळी स्टेजमागे मुलांना तयार करत होते, मला खुर्चीचं आणि कांद्याचं माहीत नव्हतं. मी पहिल्या रांगेत शिकायला बसते.

एक विचारायचंय, बायका विचारतायत म्हणून. शनिवारी निम्म्याजणी नऊवारीत असतील. तेव्हा काय?

प्रेषक: डॉक्टरवहिनी

फार बरं झालं विचारलंत. दाबणं साडी-ब्लाउजवरूनच करायचं, पदर, पिना, ठुशी बाजूला सारायची एवढंच. एईडी आली की मात्र पॅड उघड्या कोरड्या त्वचेवर चिकटले पाहिजेत, एक उजव्या कॉलरबोनखाली (गळ्याजवळच्या आडव्या हाडाखाली), दुसरा डाव्या काखेखाली कुशीला. ब्लाउज कापावा लागतो, किटमध्ये कात्री असते. मंगळसूत्र काढत बसू नका, पॅडखाली येणार नाही इतकं सरकवा. चार जणींनी पाठ फिरवून साड्यांचा आडोसा धरायचा, बाकीच्यांनी लांब. सार्वजनिक ठिकाणी बायकांना सीपीआर मिळण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी असतं, लोक हात लावायला कचरतात. आपल्या मंडळात असं व्हायला नको. पैठणीचा ब्लाउज कापायला मी एका सेकंदाचाही विचार करणार नाही.

प्रेषक: नाना

हे जिमचं चाललंय ते ठीक, पण असे प्रसंग बहुतेक घरातच होतात. आपल्या सगळ्यांकडे आई-बाबा सहा-सहा महिने येऊन राहतात, दिवसभर दोघंच घरी. माझ्या आईला मी ९११ हा नंबर शिकवला होता पण घराचा पत्ता इंग्रजीत सांगता येत नव्हता हे मला तिसऱ्या ट्रिपला कळलं. आता फ्रिजवर देवनागरीत लिहून लावलाय, घर नंबर, रस्ता, गाव, आणि वर 'हार्ट, नो ब्रीदिंग'. आम्ही दोघांनी उशीवर दाबायची प्रॅक्टिस पण केली. बाबा पलंगावर असले तर आधी खाली जमिनीवर घ्यायचं हे तिला पटतच नव्हतं, मी गादीवर दाबून दाखवलं, नुसती गादीच आत जाते.

प्रेषक: अण्णा

नाना, आज्जींचा कागद मला फोटो काढून पाठवा, आमच्याकडे सासूबाई ऑक्टोबरात येतायत.

दाराबद्दल. मी कायदा काल पूर्ण वाचला आणि माझं आधीचं अर्धवट होतं. एईडी हाताशी असण्याची सक्ती शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या खेळांच्या सामने-सरावांच्या वेळेला आहे. शनिवारी भाड्याने घेतलेल्या जिमला ती लागू होईल असं त्यात दिसत नाही. त्यामुळे कायदा दाखवून भांडू नका, विनंती करा. आणि पुढच्या सभेत मंडळाची स्वतःची एईडी घ्यायचा ठराव मी मांडतो. हजार डॉलरच्या वर जाईल, पॅडची मुदत संपते, बॅटरी बघावी लागते, म्हणजे एक माणूस कायमचा नेमावा लागेल. मी तयार आहे.

प्रेषक: ढोलपथक

अण्णा, आमच्या गाडीच्या ट्रंकेत जागा आहे, प्रत्येक कार्यक्रमाला ढोल येतातच, पेटी त्याच्यासोबत ठेवता येईल.

प्रेषक: खाद्यसमिती

ट्रंकेत नको, उन्हाळ्यात गाडी तापते, पॅड खराब होतील. ठेवायची तर घरात, आणि कार्यक्रमात स्वयंपाकघराच्या दाराशी, तिथे कायम कुणीतरी असतं.

प्रेषक: सचिव

झालं. ऑफिसचा नाद सोडून मी संध्याकाळी शाळेच्या इमारतीची देखभाल बघणाऱ्या कस्टोडियनला भेटलो, पाडव्याला ड्यूटीवर तेच होते, मी वाक्य पूर्ण करायच्या आधी हो म्हणाले. ऑफिसकडूनही त्यांनीच लेखी हो घेतलं, अट एकच, दार ९ ते ४ उघडं राहील पण आपला माणूस सतत तिथे बसला पाहिजे, मुलं वर्गांकडे जाता कामा नयेत. दोन-दोन तासांच्या पाळ्या करतोय. ९ ते ११ मी. बसणाऱ्याने जागा सोडायची नाही, आरतीलाही नाही, आरतीचं तबक तिथे आणून देऊ. कुणी कोसळलं तर पेटी आणायला त्यानेच पळायचं.

प्रेषक: माई, सांस्कृतिक समिती

१ ते ३ मी. डमीसाठी गुडघ्याखाली घ्यायला चार योगा मॅट पण आणते, जिमची फरशी फार लागते.

प्रेषक: काकू

११ ते १ आम्ही दोघं बसतो. खुर्च्या दोन ठेवा, एक पाठीची, ह्यांना अजून टेकून बसावं लागतं. पळायचं काम माझं. उकडीचं पीठ शुक्रवारी रात्री आणून देते.