‘एसएचबीजी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न, चोपडा : भाचीची पाळी अनियमित आहे, हनुवटीवर केस येतात. जळगावला रक्त तपासलं. रिपोर्टवर ‘सेक्स हॉर्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन’ म्हणजे एसएचबीजी कमी आहे. पहिलाच शब्द वाचून घरात सगळे गप्प झाले आणि वहिनींनी कागद कपाटात ठेवून दिला. याला नीट मराठी शब्द आहे का?

उत्तर, अमळनेर : ताई, आधी तो कागद बाहेर काढायला सांगा. पोरीच्या वागण्याशी त्या शब्दाचा काडीचाही संबंध नाही. टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्राडिओल ही संप्रेरकं, म्हणजे हॉर्मोन, बाई-पुरुष दोघांच्याही रक्तात असतात. त्यांना धरून नेणारं हे प्रथिन यकृतात तयार होतं. ‘लैंगिक संप्रेरक बंधक’ असं काही ठिकाणी लिहितात, पण आपल्याकडे बंधक म्हणजे ओलीस. मी ‘संप्रेरकवाहक प्रथिन’ म्हणेन.

भुसावळ : वाहक म्हटलं की नेणं कळतं, धरून ठेवणं निसटतं, आणि रिपोर्टात महत्त्व त्यालाच आहे. सावद्याहून निघालेल्या ट्रकातली केळी कोणाच्या पोटात जात नाहीत, उतरवलेलीच खाता येतात. तसंच टेस्टोस्टेरॉनचं. बरंचसं या प्रथिनाला घट्ट चिकटलेलं असतं, बाकीचं बहुतेक अल्ब्युमिन या रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनाला सैलसर. अगदी सुटं राहतं ते जेमतेम 1 ते 3 टक्के. हे प्रथिन कमी झालं की सुट्याचा वाटा वाढतो. म्हणून एकूण टेस्टोस्टेरॉन नॉर्मल दिसूनही चेहऱ्यावर केस आणि मुरुमं येऊ शकतात. पुस्तकी ‘मुक्त’पेक्षा ‘सुटं’ घरात लवकर कळतं. आणि प्रथिनाला ‘धारक’ म्हणा.

अमळनेर : ‘धारक’ पटलं, भाऊ. ताई, वाढलेलं वजन, इन्सुलिनला शरीर दाद न देणं, पीसीओडी हा पाळी बिघडवणारा बीजांडकोशाचा विकार, मंदावलेलं थायरॉइड यांत हे कमी होतं. गरोदरपणात, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी किंवा थायरॉइड जास्त असलं की वाढतं. पाळीसाठी काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना नावानिशी सांगा, नाहीतर आकड्याचा अर्थ चुकेल. नुसत्या या एका आकड्यावरून निदान होत नाही, एकूण टेस्टोस्टेरॉन सोबत पाहावं लागतं.

चोपडा : वहिनींना ‘धारक प्रथिन कमी आहे, इन्सुलिनला शरीर दाद देत नसेल तरी असं होतं’ एवढंच सांगितलं. लगेच म्हणाल्या, मग साखर पण बघायची का?

भुसावळ : बरोबर विचारलं त्यांनी. पीसीओडी निघालं तर साखर तपासतातच. रिपोर्ट दाखवायला जाल तेव्हा हेच डॉक्टरांना विचारा, आणि भाचीला सोबत न्या.