घराजवळ पिकणारे आणि तयार होणारे अन्न नेमके कसे शोधावे?

प्रश्न
भाजी, फळे, दूध, मध, फळांचे रस यांपैकी जे घरापासून तासाभराच्या अंतरात पिकते किंवा तयार होते, ते शक्यतो तिथूनच घ्यावे असे आम्ही ठरवले आहे. अडचण अशी की ‘स्थानिक’ ही पाटी हल्ली जिथे तिथे दिसते, पण माल कुठला म्हणून विचारले की विक्रेत्याला गावाचे नावही सांगता येत नाही. खरा उत्पादक ओळखावा कसा? शिवाय अशा खरेदीने पर्यावरणाची हानी कमी होते, हे कितपत खरे आहे?

उत्तर १
सर्वांत सोपी खूण म्हणजे हंगाम. ज्याच्याकडे बाराही महिने सगळ्या भाज्या मांडलेल्या असतात, तो बहुधा घाऊक बाजारातून माल आणतो. त्यात गैर काही नाही, मात्र त्याला उत्पादक म्हणता येणार नाही. स्वतः पिकवणाऱ्याकडे मोजकेच प्रकार असतात, एखादी वस्तू काही दिवस भरपूर येते आणि मग दिसेनाशी होते. वाण कोणता, काढणी कधी झाली, पुढच्या पंधरवड्यात काय येईल, असे त्याला विचारावे. तो बहुधा विचारल्यापेक्षा जास्तच सांगतो.

बंद पाकिटावर उत्पादन करणारा, पॅकिंग करणारा आणि विक्री करणारा यांचे पत्ते निरनिराळे असू शकतात. जवळचा पत्ता केवळ पॅकिंगचा असेल, तर आतला माल कुठूनही आलेला असू शकतो. पेयांच्या बाबतीत अधिक सावध राहावे, कारण दुरून आणलेल्या घट्ट रसात जवळचे पाणी मिसळून बाटली भरली, तरी ती ‘इथली’ म्हणून खपवता येते. घटकांची यादी वाचली की हे बहुधा कळते. मध मात्र घट्ट होऊन त्याचे कण झाले म्हणून भेसळीचा संशय घेऊ नये. त्यातील ग्लुकोजमुळे ते आपोआप घडते.

उत्तर २
पर्यावरणाबद्दल थोडा वेगळा मुद्दा मांडतो. बहुतेक अन्नपदार्थांमुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा लहान असतो. मोठा वाटा जमिनीचा वापर, खते आणि जनावरे यांचा असतो. विमानाने आणलेला नाशवंत माल हा अपवाद. त्यामुळे जवळच्याच, पण इंधन जाळून उबदार ठेवलेल्या काचगृहात हंगामाबाहेर पिकवलेल्या भाजीपेक्षा, उघड्या शेतात पिकून दुरून आलेली भाजी कमी हानिकारक ठरू शकते. जवळून घेण्याचा माझ्या मते भक्कम फायदा ताजेपणाचा आहे. मटार आणि मक्याची कोवळी कणसे तोडल्यापासून त्यांतील साखरेचे पिठूळ स्टार्चमध्ये रूपांतर होऊ लागते, म्हणून त्याच दिवशीच्या मालाची गोडी शिळ्या मालाला येत नाही. बटाटा-कांद्यासारख्या टिकाऊ वस्तूंसाठी इतका अट्टहास करण्याचे कारण मला दिसत नाही.

उत्तर ३
चार-सहा कुटुंबांनी मिळून एकाच शेतकऱ्याशी हंगामाचा आगाऊ व्यवहार करावा आणि जे निघेल त्यातला वाटा घ्यावा, हा मार्गही विचारात घ्या. जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेई’ या नावाने अशी पद्धत रुजली. पीक बुडाले तर वाटाही कमी येतो, हे मात्र आधीच मान्य करावे लागते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. दूध थेट गोठ्यातून घेणे सुरक्षित आहे का?

उत्तर १
कच्चे पिऊ नये, गोठा कितीही स्वच्छ असला तरी. पाश्चरीकरणात, म्हणजे रोगजंतू मारण्याच्या प्रक्रियेत, दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात. घरी चांगली उकळी आणून घ्यावी. आणि घरात एक वर्षाच्या आतील बाळ असेल, तर मध कितीही खात्रीच्या ठिकाणचा असला तरी त्याला देऊ नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होण्याचा धोका असतो.