लांबच्या गाडीप्रवासात शिदोरी न्यावी की वाटेत जेवावं?

गोदाकाठ: दिवाळीनंतर आम्ही चौघं नाशिकहून गाडीनं हंपीला निघतोय. सिन्नर, संगमनेर, नगर, सोलापूर, विजापूर, होस्पेट. जाऊन-येऊन सहा दिवस. गेल्या वर्षी कोकणात पेट्रोलपेक्षा खाण्यावर जास्त पैसे गेले, आणि तेही फूड मॉलमधल्या गार सँडविचवर नि पनीरच्या त्याच त्या लाल रश्श्यावर. तिसऱ्या दिवशी धाकटीचं पोट बिघडलं ते वेगळंच. म्हणून या वेळी दिवसभराचं खाणं घरूनच न्यायचं असं माझं मत झालंय. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, गूळ-दाणे, मनुके. कुणाला पटत नसेल तर सांगा.

भाकरीवेडा: मला नाही पटत. विजापुरात जाऊन मेथीचे ठेपले खाणार? तिथं साध्या खानावळीत बसा. पातळ ज्वारीची रोट्टी, एण्णेगाई म्हणजे त्यांची भरली वांगी, शेंगाचटणी, पालेभाजी, शेवटी भात नि ताक. याहून पौष्टिक काय हवं? फूड मॉल महाग पडतो कारण तिथल्या जागेचं भाडं तुमच्या ताटातून वसूल होतं. हायवे सोडून दोन किलोमीटर गावात शिरा, एसटी स्टँडच्या आसपास बघा. जिथं दुपारी कामावरची माणसं जेवतात तिथं भाजी शिळी व्हायला उरतच नाही.

सिन्नरफाटा: मी वर्षातले निम्मे दिवस गाडीवर असतो. दुपारी ताटभर जेवून स्टेअरिंगवर बसलं की तासाभरात डोळे मिटायला लागतात, तिथं चव काय कामाची? दिवसा शिदोरी, मुक्कामाला पोचल्यावर गरम जेवण, हेच बरं. पण शिदोरी नीट न्या. ठेपले तव्यावरून थेट डब्यात भरू नका. झाकणाला वाफ धरते, पाणी खाली ठिबकतं आणि दुसऱ्या दिवशी कडेला बुरशी दिसते. कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्या. कांदा घालू नका. आणि भात अजिबात नको. शिजलेला भात तासन्‌तास उबेत राहिला की त्यात जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करूनही जात नाही. उन्हात लावलेली गाडी म्हणजे भट्टीच.

पंचवटीची लेक: शिदोरी स्वस्त, स्वस्त म्हणताय, पण ती करणार कोण? आमच्या प्रत्येक सहलीला आई पहाटे साडेतीनला उठायची. साठ ठेपले लाटून गाडीत बसायची आणि चंदनापुरी घाट येईस्तोवर मान टाकून झोपलेली असायची. आम्ही खिडकीतून डोंगर बघायचो, तिनं तो घाट कधी बघितलाच नाही. हे मला आजही खुपतं. एका दिवसाचंच न्या. पुढचं सोलापुरात विकत मिळतं: कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी पूर्ण वाळवलेली, पाण्याचा अंश नाही, म्हणून कितीतरी दिवस टिकते. सोबत काकडी, केळी घेतली की दुपार भागली.

भाकरीवेडा: कडक भाकरी मान्य. सोलापूरहून ४० किलोमीटरवर अक्कलकोटला अन्नछत्र आहे, तिथंही छान जेवण होतं.

पंचवटीची लेक: दर्शनाला जात असाल तर जरूर जेवा, जमेल तेवढं दानपेटीत टाका. पण नुसतं जेवण वाचवायला वाट वाकडी करू नये. ते भुकेल्या वारकऱ्याचं पान आहे.

भाकरीवेडा: तिथं कुणालाच परका मानत नाहीत, एवढंच म्हणेन.

गोदाकाठ: ताई, तुमचं वाचून घरात बोललो. बायको म्हणाली, "मी हे कधीच बोलले नसते." पहिल्या दिवसाच्या दशम्या आदल्या संध्याकाळी मी लाटतोय, थोरला भाजणार आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत सोलापूरचा माल, रात्री खानावळ. भाकरीवेडा, विजापुरात स्टँडवरून कुठल्या बाजूला वळायचं तेवढं सांगा.